खांबापाशी रडलेली तवमणी

मित्रांनो, नाहूरच्या मैदानात कुंपणाला टेकून उभा असलेला जुना लाकडी खांब म्हणजे मीच. खो-खोचा खांब! सुताराने रंधा मारून मला गुळगुळीत केले आणि मैदानात पुरले. पोरी धावत येऊन मला हात घालून गर्रकन वळायच्या. मला कोण तोरा चढायचा!

१९८४ साली तवमणी आली. श्रीलंकेतल्या लढाईत तिचे आईवडील गेले. मावशीने तिला इथे आणले. पळण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. म्हणून आम्हाला खो-खो शिकवणाऱ्या नंदाताईंनी तिला संघात घेतले. पण एक खोड काही जाईना. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत माघारी वळायचे नसते. मागे कुणी पडले, ओरडले की तवमणी हमखास वळायची.

"वाट लागली ना यार! परत फाउल!" संघातली शकु चिडायची.

"आता वळलीस तर सामन्याला बाहेर बसवीन," नंदाताईंनी बजावले.

तेव्हा मला मिठी मारून ती बोलली. "ताई, आम्ही पळत होतो. भावाचा हात सुटला. तो पडला, हाक मारली. मावशी म्हणाली, वळू नको. मी नाय वळले."

सहा वर्षांचा तो पोर पुन्हा सापडलाच नाही. नंदाताईंनी तिला पोटाशी धरले. "नको खेळूस गं."

"नाय ताई. खेळणं सोडून काय आहे मला?"

दोन वर्षांनी फायनल आमच्याच मैदानात होती. शेवटचे मिनिट. एक गडी बाद झाला की जिंकलो! शकुने तवमणीला खो दिला आणि ती धडपडून पडली, किंचाळली. तवमणीचे पाऊल अडखळले. पण ती वळली नाही. झेप घेऊन तिने गडी टिपला.

सगळ्यांनी तिला उचलून घेतले. ती सुटून माझ्यापाशी आली आणि हमसून हमसून रडली. नंदाताई मागोमाग आल्या. "ताई, आज पण नाय वळले मी."

फुटक्या गुडघ्याने शकु लंगडत आली. "ए, बघ ना, मी उठले."

तवमणीने तिचा हात धरला, तो बक्षीस घेतानाही सोडला नाही. पुढे ती राज्याच्या संघात गेली, पेपरात फोटो आला. सगळे म्हणाले, पोरीने नाव काढले. मला मात्र तिचे रडणेच आठवते.

आता मला वाळवी लागली आहे. मला जपले नाहीत तरी चालेल, मित्रांनो. पण परमुलखातून आलेले पोर तुमच्यात खेळायला आले, तर त्याची चूक मोजण्याआधी जवळ बसून विचारा, "तुझ्या घरी कोण कोण होतं?"