कनेरगाव नाक्याचा बोलका काटा

"चाचा, नुसतं वाचून सांगा. स्क्रीनवर काय आलंय?"

फोनच्या पलीकडे ट्रॅक्टरचे हॉर्न वाजत होते. पलीकडे कनेरगावच्या वजनकाट्यावरचे कादरचाचा होते. राजनंदिनीने फोन खांदा आणि कान यांच्यात दाबून धरला होता. मांडीवर तिची तान्ही चिऊ पिता पिता झोपायच्या बेतात होती. जरा हाललं की पुन्हा डोळे उघडणार होती.

"इंग्रजीत हाय बेटा."

"मग एकेक अक्षर सांगा. पहिलं कोणतं?"

"पहिलं…" चाचा थांबले. "चष्मा घरी राहिला गं. लई बारीक हाय."

तेवढ्यात कुणीतरी फोन ओढून घेतला. काट्याचे मालक, वैजनाथशेठ. "ताई, तुमी काल जे नवं टाकलं त्यानं आज काटा मुका झालाय. आतल्या स्क्रीनवर आकडा दिसून राहिला, पर आवाज बंद. बाहेरचा बोर्ड वीज पडल्यापासून जळालेलाच हाय. हळदीचा हंगाम, पार रोडापोतर ट्रॅक्टर लागलेत, अन् चाचा म्हणतात, आवाज येऊ द्या, मग वजन घेतो. कानानं वजन घेतेत का कुठं?"

"मी निघतेच."

"या लवकर. न्हाई तर क्यामेरे बसवतो अन् मोकळा व्हतो. हट्ट्याच्या काट्यावर बसवले, तिथं माणूसच लागून नाही राहिला."

हे शेवटचं फोनसाठी नव्हतं. ते चाचांना ऐकवायचं होतं.

चिऊला ठेवायला घरी कुणी नव्हतं. राजनंदिनीने तिला ओढणीने पोटाशी बांधलं, लॅपटॉपची पिशवी पाठीवर टाकली आणि हिंगोलीहून वाशीमकडे जाणारी बस धरली. खिडकीतून गरम वारा येत होता. चिऊच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब जमत होते, ती ते ओढणीच्या टोकाने टिपत होती, आणि डोक्यात तेच तेच फिरत होतं: मी तपासलं होतं.

वैजनाथशेठचे तीन वजनकाटे. बाळंतपणात तिची पुण्याची नोकरी सुटली, तेव्हा या काट्यांच्या कॉम्प्युटरचं काम घरबसल्या मिळालं. यंत्रं जुनी, मेमरी तुटपुंजी, दुपारी तर रखडत चालायची. म्हणून तिने कर्नलच हलका करायला घेतला. कर्नल म्हणजे यंत्राचा सगळा कारभार बघणारा आतला गाभा. त्यात एक फार जुनी सोय होती. यंत्रात बसवलेल्या पूर्वीच्या कार्डांचा हात मेमरीच्या अगदी सुरुवातीच्या तुकड्यापर्यंतच पोचतो, त्यापुढे नाही; म्हणून कर्नल तेवढा तुकडा त्यांच्यासाठी वेगळा राखतो. घरात म्हातारं माणूस असलं की खालची फळी त्याच्यासाठी मोकळी ठेवतात, तसं. पण ज्या घरात तसं माणूसच नाही, तिथे फळी कशाला अडवायची? तिने ती राखीव जागा ऐच्छिक केली. 'हो' म्हटलं तर राहील, 'नाही' म्हटलं तर जाईल. आणि तिन्ही काट्यांना 'नाही' दिलं.

कनेरगावच्या यंत्रात वजन बोलून दाखवणारं एक जुनं साऊंड कार्ड आहे, हे तिला माहीत होतं. ते वापरात आहे का, हे तिने घरून पाहिलं. नव्हतं. कारण तिने पाहिलं ती शुक्रवारची दुपार होती. चिऊ झोपते ती वेळ. नाक्यावर अजान झाली की चाचा काट्याचा आवाज बंद करत, देवळात आरती असली तरी करत, आणि जुम्म्याला तर नमाज पढून परत येईपर्यंत तो बंदच असे. हे तिच्या ध्यानातच आलं नाही. तरी खात्री म्हणून तिने चाचांना फोन केला होता. "चाचा, बोलका काटा लागतो का हो अजून?"

"कायला लागतंय बेटा?" चाचा म्हणाले होते. "आकडा दिसतो की."

ती उतरली तेव्हा काट्यावरून एक ट्रॅक्टर-ट्रॉली खाली जात होती. वर हळदीचे कट्टे, गच्च भरलेली पोती, आणि त्यांवर बसलेली साखरा गावची शालूबाई. वैजनाथशेठ पत्र्याच्या केबिनच्या दारात कमरेवर हात ठेवून उभे होते. "घेतलं बघा एक वजन, आवाजाबिगर. जमतंय की! उगं चाचांचे नखरे."

आत टेबलफॅन उष्ण हवा ढवळत होता. चाचा खुर्चीतून उठले. त्यांच्या सदऱ्याची पाठ घामाने भिजून अंगाला चिकटली होती.

"ये बेटा, बैस. या उन्हात लेकरू घेऊन आलीस? आण इकडं." त्यांनी चिऊला अलगद खांद्यावर घेतलं. तिच्याकडे जरा तिरपं बघितलं. "बापावर गेली."

"सगळे तर म्हणतात माझ्यावर गेली."

"व्हय का?" चाचा हसले. "मोठी झाली की कळंल."

तिने स्क्रीनवरच्या दोन ओळी वाचल्या आणि तिला लगेच कळलं. साऊंड कार्डाने जागा मागितली होती. राखीव जागाच उरली नव्हती. तिने लॅपटॉप उघडला, कनेरगावपुढचं 'नाही' खोडून 'हो' केलं आणि नवा कर्नल बांधायला लावला. लॅपटॉपवर ओळी सरकू लागल्या. वेळ लागणार होता. लाईट जाऊ नये एवढंच ती मनात म्हणत राहिली.

"चाचा, पुढचं घ्या!" बाहेरून शेठ ओरडले. एक ट्रॅक्टर काट्यावर चढला.

चाचा चिऊला घेऊनच टेबलाशी वाकले. "बेटा, किती दावून राहिलं?"

तिने लॅपटॉपवरून मान वर करून आकडा सांगितला.

"थांबला का?"

"थांबला."

त्यांनी बटण दाबलं, चिठ्ठी निघाली. पुढचा ट्रॅक्टर चढला. "आता किती?" तिने पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वेळी ती काहीच बोलली नाही. आकडा हलला, डुलला, स्थिर झाला. चाचांचं बोट बटणावर टेकलेलं, तोंड स्क्रीनकडे नाही, स्क्रीनशेजारच्या पत्र्याकडे वळलेलं. कोंबडी दाणा बघते तसं, एका बाजूने. ते वाट बघत होते.

"चाचा," ती हळू म्हणाली, "हा आकडा माझ्या तळहाताएवढा आहे."

चाचांनी चिऊच्या डोक्यावर हात ठेवला, तिलाच कुणी काही म्हणालं असावं तसा.

"किती हाय ते सांग आधी. गाडी उभी हाय."

तिने सांगितलं. त्यांनी बटण दाबलं. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "मधलं गेलंय बेटा. कडंकडंचं दिसतं. चालता येतं, गाडी आली-गेली कळती. दारात तू उभी हाईस तेवढं कळतं, तोंड न्हाई कळत. नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं, डोळ्याचा पडदा हाय, दुरुस्त व्हायचा न्हाई."

"किती दिवस झाले?"

"दोन सालं झाली."

"आणि मग वजनं?"

"काटा बोलतो की! एकडाव बोलला की दम धरायचा. दुसऱ्यांदा तोच आकडा बोलला की दाबायचं. एक चिठ्ठी चुकली न्हाई."

"मग मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?" तिचा आवाज चढला, चिऊ दचकली.

"काय सांगू? आवाज पायजे म्हणलो असतो, तर तू इचारलं असतं, काहून पायजे." ते चिऊला थोपटू लागले. "वैजनाथला बोलू नको. हंगाम तेवढा निघू दे."

तिने मान हलवली. मग ते त्यांना दिसणार नाही हे लक्षात येऊन म्हणाली, "नाही बोलत."

लॅपटॉपवर अर्ध्याहून जास्त काम झालं होतं. थोडा वेळ. एवढा थोडा वेळ निघाला की काटा बोलायला लागेल आणि कुणाला काही कळणार नाही. चाचांची खुर्ची चाचांचीच राहील. ती ओळींकडे बघत राहिली, दूध तापायला ठेवून बघत राहतात तशी.

"बेटा," चाचा म्हणाले, "तू यायच्या आधी एकच वजन घेतलं. शालूबाईचं. शेठ डोक्यावर उभे व्हते. वाच बरं ती चिठ्ठी."

तिने मागची नोंद काढली. "चोपन्न क्विंटल दहा किलो."

चाचांचा थोपटणारा हात थांबला. "पुन्हा सांग."

तिने पुन्हा सांगितलं.

"कमी हाय. तिचा ट्रॅक्टर, ती ट्रॉली, येवढे कट्टे… चार क्विंटल तरी कमी हाय. मागचं चाक पुरतं चढलंच नसंल. म्या आधीच दाबलं."

"चाचा, थांबा. आत्ता आवाज येईल. मग आपण तिला परत बोलावू. मी सांगते, कॉम्प्युटरची चूक झाली, माझ्या हातून झाली. खोटं पण नाही ते."

"तवर कट्टे फोडून ढिगात वततील. ढिगात गेलेली हळद कोणाची, कोण सांगावं?" त्यांनी चिऊला तिच्या हातात दिलं, जपून, मान सावरून. "तू तुझं काम कर."

ते पायऱ्या उतरले. ट्रॅक्टरांच्या रांगेतून, चाकांच्या मधून, सरळ समोरच्या व्यापाऱ्याच्या गोदामाकडे निघाले. त्यांचं चालणं बघून कुणालाही शंका आली नसती. गोदामाशी हमाल ट्रॉलीवर चढले होते आणि पहिला कट्टा एकाच्या पाठीवर आला होता.

"शालूबाई! कट्टा खाली घेऊ नका!"

"काहून हो चाचा?"

"वजन चुकलं. ट्रॉली परत काट्यावर घ्या."

'वजन चुकलं' म्हटल्यावर रांगेतली माणसं खाली उतरली. वैजनाथशेठ धावत आले. "काय तमाशा लावला? काय चुकलं? मशीनची गडबड हाय का? ताई!"

राजनंदिनी केबिनच्या दारात चिऊला घेऊन उभी होती. "हो, शेठ, ते माझ्याच—"

चाचांनी तिच्या दिशेने हात वर केला. "मशीन बराबर व्हतं. म्या चुकलो. आकडा दिसला न्हाई."

शेठनी आजूबाजूला बघितलं. गर्दी वाढत होती. ते जरा मऊ आवाजात म्हणाले, "बरं, गडबडीत व्हतं असं. चला, परत घ्या वजन."

शेठनी सुटायची वाट मोकळी करून दिली होती. चाचांनी फक्त 'व्हय' म्हणायचं होतं.

"गडबडीत न्हाई," चाचा म्हणाले. "दोन सालापासून दिसत न्हाई मला. आवाजावर चालवत व्हतो."

मागून कुणीतरी हसलं. "घ्या! आंधळ्याच्या हाती काटा!"

"मग आमच्या मागच्या वजनाचं काय?" दुसरा पुढे सरकला. "दोन सालं काय अंदाजपंचे चिठ्ठ्या दिल्या का?"

"ए, दमानं," शालूबाई ट्रॉलीवरूनच खेकसली. "माझी दोन्ही सालची बराबर व्हती. तुझी कमी भरली व्हती का? मग तवा तोंड शिवलं व्हतं काय?"

तो माणूस मागे सरकला. वैजनाथशेठनी गळ्यातल्या गमछ्याने तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिले.

"चाचा, माझ्या बापानं तुमाला त्या खुर्चीत बसवलं. पर आता… माझ्या काट्यावरून लोकांचा भरोसा गेला तर मी काय करू? आता न्हाई जमायचं."

"बराबर हाय," कादरचाचा म्हणाले. "तुमचं बराबर हाय शेठ."

नवा कर्नल तयार झाला होता. राजनंदिनीने एका हाताने चिऊला धरून दुसऱ्या हाताने तो यंत्रात चढवला, यंत्र बंद करून चालू केलं. स्क्रीन काळी पडली, उजळली. मग केबिनवरच्या भोंग्यातून खरखर आली, आणि शाळेत हजेरी घेणाऱ्या बाईसारखा तो कोरडा आवाज म्हणाला, "शून्य."

शालूबाईची ट्रॉली काट्यावर चढली. खुर्चीत वैजनाथशेठ बसले होते. "अठ्ठावन्न क्विंटल तीस किलो," काटा बोलला. शेठनी बटण दाबून चिठ्ठी काढली आणि खिडकीतून पुढे केली. मग राजनंदिनीकडे न बघता म्हणाले, "ताई, आता ते आवाजाचं काढूनच टाका. मशीन हलकी व्हईल. मला दिसतंय सगळं."

"राहू द्या ते," ती म्हणाली, आणि 'हो' तसंच ठेवून तिने लॅपटॉप मिटला.

शालूबाईने खिडकीतून चिठ्ठी घेतली. ती ट्रॅक्टरकडे वळली नाही. काट्याच्या कडेला, उन्हात कादरचाचा उभे होते. तिने चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली.

"वाचून दावा."

"शेठला इचारा बाई. त्येंनी दिली ना?"

"दिली त्येंनी. वाचून दर साली तुमी दावता."

चाचांनी चिठ्ठी हातात घेतली. अंगठ्याने तिची कड चाचपली. मागे हॉर्न वाजत होते, शेठ खिडकीतून बघत होते.

"अठ्ठावन्न क्विंटल तीस किलो," ते म्हणाले.

शालूबाईने मान डोलावली, चिठ्ठीची घडी घालून कमरेच्या पिशवीत खोचली आणि ट्रॉलीकडे गेली. पुढचा ट्रॅक्टर सुरू झाला. त्याला वाट मिळावी म्हणून कादरचाचा दोन पावलं बाजूला सरकले.