साठ फूट पाण्याची मोटर

१९९५ सालच्या दिवाळीपर्यंत माझी अशी समजूत होती, की मोटरच्या बाबतीत बारामती तालुक्यात मला विचारल्याशिवाय पानही हलत नाही. माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. वडगाव निंबाळकरपासून अंथुर्ण्यापर्यंतच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटरी माझ्याकडे यायच्या. नुसता वास घेऊन मी सांगायचो, कॉईल गेली की बेअरिंग. सांगताना समोरच्याकडे बघायचोही नाही. हुशार माणसानं असंच वागायचं असतं, असं मला तेव्हा वाटायचं.

दिवाळी उलटली आणि एका सकाळी गंगारामदादा आणि रंगुवहिनी दुकानाच्या पायरीवर हजर. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याकाठी, पळसदेवच्या अलीकडे आमची वस्ती आहे. धरण झालं, खालचं रान पाण्यात गेलं, तसा दादानं नांगर ठेवला आणि जाळं उचललं. तेव्हापासून चौदा वर्षं दोघं नवराबायको मासे धरत होती. दादा होडीच्या पुढच्या टोकाला जाळं घेऊन, वहिनी मधल्या फळीवर दोन वल्ही घेऊन. आमच्या काठावर ही रीतच आहे, जाळं पुरुषाचं आणि वल्हं बाईचं.

"समाधान, होडीला मोटर घ्यायची हाय," दादा म्हणाला. पैसे तयार होते, तेव्हा त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कारण होतं वहिनीचा उजवा खांदा. तो दोन वर्षांपासून धरला होता. शिवाय भिगवणहून मासळीची गाडी सकाळी सातला निघायची, आणि वारा उलटा असला की वहिनीनं जीव तोडून वल्हवलं तरी गाडी चुकायची.

आमच्या अख्ख्या काठावर तेव्हा एकाही होडीला मोटर नव्हती. मला इतका आनंद झाला, की लासुर्ण्याच्या गिऱ्हाइकाची उघडलेली मोटर तशीच टेबलावर टाकून मी शटर ओढलं. चहासुद्धा विचारला नाही. वहिनीनं ते नंतर वर्षभर ऐकवलं.

वाटेत दादानं बेत सांगितला. मोटर आली की वहिनीनं घरी बसायचं, खांद्याला आराम द्यायचा. मोटरवर पहिला महिना मी बसायचं, मग एखादा गडी ठेवायचा. "चौदा वर्सं केलं तिनं, बास झालं," दादा म्हणाला. त्याच्या बोलण्यात माया होती, हे मी पैजेवर सांगतो. वहिनी आमच्या दोन पावलं मागून चालत होती. ती काही बोलली नाही. वहिनी गप्प म्हणजे होकार नव्हे, एवढं आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, एक दादा सोडून.

भिगवण रस्त्याला रमाकांतशेठचं इंजिनांचं आणि पंपांचं दुकान होतं. शेठनी हौसेनं मुंबईहून होडीच्या दोन मोटरी आणून काचेआड ठेवल्या होत्या. एक आठ हॉर्सपॉवरची, लांब दांड्याची. दुसरी पाचाची, आखूड दांड्याची. वर इंजिन आणि वळवायची मूठ, होडीच्या मागच्या फळीला आवळायला स्क्रू, खाली दांडा आणि दांड्याच्या टोकाला पाण्यात फिरणारा पंखा. पेट्रोलवर सुरू करायची आणि तापली की रॉकेलवर टाकायची. मी आठाच्या मोटरीवरून हात फिरवला, तर अंगावर काटा आला.

शेठनी विचारलं, "दांडा लांब पाहिजे का आखूड?" त्यांनी आजवर अशी एकही मोटर विकली नव्हती, आणि माहितीचं पुस्तक इंग्रजीत होतं. पण प्रश्न माझ्या ओळखीचा होता. विहिरीत मोटर सोडताना पहिली गोष्ट काय विचारायची असते? मी ऐटीत दादाकडे वळलो.

"पाणी किती खोल हाय?"

"काठाला पुरुसभर. मधी साठ फूट तरी आसंल."

"साठ फूट," मी शेठकडे बघून मान हलवली. शेठनीही हलवली. मग आम्ही तिघं बाप्ये त्या दांड्यापुढे गंभीर होऊन उभे राहिलो. साठ फूट पाण्याला लांब दांडासुद्धा अपुराच, याचं मला मनापासून वाईट वाटत होतं. वरून जोडायला पाइप मिळतो का ते मुंबईला विचारतो, असं शेठ म्हणाले. सध्या लांबवर भागवू, असं मी मोठ्या मनानं ठरवलं.

"भावजी," वहिनी मागून म्हणाली, "होडी पान्यावर चालवायची हाय का तळावर?"

शेठना एकदम खोकला आला. मला आधी रागच आला, चार लोकांत असं विचारतात का. मग डोक्यात प्रकाश पडला आणि कानशिलं गरम झाली. पंख्याला काही पाणी वर ओढायचं नव्हतं. त्याला नुसतं पाण्यात बुडायचं होतं, मग खाली दहा फूट असो की साठ. बारा वर्षांच्या धंद्यात मी असा उघडा पडलो नव्हतो.

वहिनीनं कनवटीची सुतळी काढली. झंपर शिवायला टाकताना माप न्यावं लागतं, मग होडीचं का नको, असा तिचा सरळ हिशेब. मागच्या फळीच्या कडेपासून होडीच्या तळापर्यंत सुतळी धरून तिनं गाठ मारून आणली होती. ती तिनं दोन्ही मोटरींना लावून पाहिली. आखूड दांड्याला गाठ पंख्याच्या जरा वर आली, म्हणजे पंखा तळाखाली बेताचा बुडणार. लांब दांड्याचा पंखा आणखी अर्धी वीत खाली लोंबत होता. आमच्या तिथं पाण्याखाली बुडालेल्या बाभळींची खोडं आहेत. असा पंखा पहिल्याच दिवशी त्यांत अडकणार, असं ती म्हणाली.

मी ऐकणाऱ्यातला नव्हतो. मागच्या फळीवर लाकूड ठोकून ती उंच करता येते, पण आठ ते आठ, पाच ते पाच. दादालाही आठाचीच हवी होती. आवाज पार पल्याडच्या काठाला गेला पाहिजे, असं त्याचं मत होतं.

मग शेठनी मागच्या अंगणात पाण्यानं भरलेल्या टिपाडाला आठाची मोटर लावली. मी दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला ती अशी गरजली, की शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडायला निघाली. टिपाडातलं निम्मं पाणी आमच्या अंगावर आलं. दादा भिजल्या कपड्यांनी पोट धरून हसत सुटला. त्याला असं हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि मग मीही हसत सुटलो.

"मला वडू द्या," वहिनी म्हणाली.

तुला काय करायचंय, तू तर आता घरी बसायची, दादा म्हणाला. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पदर खोचला, डाव्या हातानं दोरी धरली आणि ओढली. आठाची मोटर हूं नाही की चूं नाही. चार वेळा ओढली. पाचव्या वेळी दोरीनं उलटा हिसका दिला आणि वहिनी टिपाडावर आदळता आदळता वाचली. आता तरी ही बाई सावलीत बसेल, असं शेठच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तिनं कपाळाचा घाम पुसला आणि पाचाची लावायला सांगितली.

पाचाची पहिल्या ओढीला खोकली. दुसऱ्या ओढीलाही खोकली. तिसऱ्या ओढीला फटफट करत चालू झाली आणि शहाण्यासारखी एका सुरात चालत राहिली. वहिनी मुठीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. तिचे ओठ हलत होते, पण आवाजात काही ऐकू आलं नाही. मग शेठनी मोटर बंद केली.

"आवं," ती दादाला म्हणाली, "मोटरीवर भावजी बसलं, तर जाळं सोडताना होडी कवा थांबवायची, ते त्यास्नी कोण सांगणार?"

"मी सांगीन की."

"मला कवा सांगितलं तुमी?"

त्या होडीत मीही कितीदा बसलो होतो. जाळं दादाच्या हातात अडकलं की वल्ही थांबत, सुटलं की चालत. तोंडातून शब्द नाही, आणि तेही पाठीला पाठ असताना. वल्हं ओढणाऱ्या माणसाचं तोंड होडीच्या मागच्या बाजूला असतं आणि दादा पुढे तोंड करून उभा. तिला कसं कळायचं, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

"शेठ, पाचाचीच बांधा," दादा म्हणाला. पण लगेच दादा माझ्याकडे वळला. "चालवायला मातर महिनाभर तूच यायचं. नवं यंत्र हाय." वहिनीनं सुतळी गुंडाळली आणि परत कनवटीला लावली.

निघताना शेठनी मोटरीपुढे फोडायला नारळ दिला. आम्ही बौद्ध, आमच्यात नारळ फोडत नाहीत, पण शेठचं मन मोडायला वहिनी तयार नव्हती. चटणीला होईल म्हणून तिनं तो हसून घेतला. मोटर वाकळेत गुंडाळून आम्ही टेम्पोतून गावी नेली. वाटेत दर मैलाला दादा वाकळेवर हात ठेवून बघायचा, जणू मोटर उतरून चालली होती. संध्याकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, त्रिसरण-पंचशील म्हटलं आणि भाकरीबरोबर शेठच्या नारळाची चटणी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर सगळी वस्ती जमली होती. ऐंशीच्या घरातली आमची चुलती तानूबाई तर पहाटेपासून दगडावर जागा धरून बसलेली. मोटर मागच्या फळीला आवळली, ती अगदी चपखल बसली. लाकूड ठोकावं लागलं नाही, एवढं मी कबूल करतो. मी मोटरीवर बसलो, दादा पुढे उभा राहिला आणि वहिनीला आम्ही काठावर ठेवलं.

मोटर सुरू झाली तेव्हा काठावर जी आरोळी उठली, ती ऐकून माझी छाती फुगली. होडी सुटली. समोर पाण्यात वेडी बाभळ होती, म्हणून दादा ओरडला, "उजवी." जाळं सोडताना नाही, पण वाट दाखवताना चौदा वर्षं तो असंच सांगत आला होता. मागे तोंड करून बसलेल्या वहिनीनं तिच्या उजव्या हाताचं वल्हं जोरात ओढलं, की होडी दादाच्या उजवीकडे वळायची. मी मूठ उजवीकडे ढकलली. होडी वळली डावीकडे. दादा आणखी मोठ्यानं ओरडला, मी आणखी जोरात ढकलली, आणि आम्ही एक भलामोठा गोल फिरून त्याच बाभळीत शिरलो. काटे माझ्या शर्टात, बनियनात, कानात. काठावर तानूबाई बोळक्या तोंडानं इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं. मूठ ज्या बाजूला जाते त्याच्या उलट बाजूला होडी जाते, हे मला ओरखडे मोजताना कळलं.

बाभळीतून सुटून काठाला आलो, तर वहिनी गुडघाभर पाण्यात येऊन उभी होती.

"भावजी, उठा."

"अगं, त्या मुठीचं समदं उलटं हाय," दादा म्हणाला.

"मग मलाच जमंल की. चौदा वर्सं उलटीच बसून आले मी."

दादा काहीतरी बोलणार होता, पण काठावरचे सगळे आमच्याकडे बघत होते आणि माझ्या कानातून रक्त येत होतं. मी उठलो. बसायला दुसरी जागा नव्हती, म्हणून मधल्या फळीवर वहिनीच्या जागी बसलो, ती बसायची तसाच, मागे तोंड करून. वहिनीनं डाव्या हातानं दोरी ओढली. एक, दोन. तिसऱ्या ओढीला मोटर चालू झाली.

होडी बाभळीला न शिवता बाजूनं गेली. दादा सवयीनं "उजवी" म्हणाला, तोवर ती वळलीसुद्धा होती. मग वहिनीनं वेग वाढवला. पाणी दोन्ही अंगांनी फाटत चाललं, पाणकावळे उडाले, आणि मला लहान पोरासारखं ओरडावंसं वाटलं. फक्त मला पुढचं काहीच दिसत नव्हतं. दिसत होता तो आमचा काठ, लहान लहान होत जाणारी तानूबाई, आमचं घर. चौदा वर्षं वहिनी रोज एवढंच बघत होती. आज ती माझ्या डोक्यावरून समोर बघत होती आणि तिचे डोळे भरले होते.

"भावजी," ती म्हणाली, "पल्याडचा काठ आपल्याकडं येताना कसा दिसतो, ते मी आज पयल्यांदा बघितलं. आजवर नुसतं मागं ऱ्हायलेलं बघत गेले."

ती माझ्याशी बोलली, पण मोटरीच्या वर आवाज काढावा लागला होता, त्यामुळे दादालाही ऐकू गेलं. तो वळला. होडीत तिचं तोंड त्याच्याकडे असण्याची ही पहिलीच वेळ. मग त्यानं वाकून जाळ्याचं टोक उचललं, आणि त्याचा हात जाळ्याला लागायच्या आतच मोटरीचा वेग उतरला होता.

"समाधान," तो जाळं सोडता सोडता म्हणाला, "उद्या दुकान उघड तू."