दहाव्या वर्षाचा फ्रॉक

आई मेलेल्यांचे कपडे शिवायची. तशी जिवंतांचेही शिवायची, पण जिवंत माणसं फार किरकिरी. गळाच मोठा झाला, बाहीच आखूड झाली, म्हणून दहा खेपा घालायची. मेलेलं गिऱ्हाईक एकदाच यायचं, आणि तेही स्वतः यायचं नाही. "माझ्या धंद्यात तक्रार म्हणून नाही," असं आई हसत सांगायची. अर्थात हे पूर्वीचं, ती हसायची तेव्हाचं.

शेवटच्या कपड्यांची रीत वेगळी असते. पुढून सगळं साग्रसंगीत, कॉलर, बाह्या, चुण्या. पाठ मात्र उघडी आणि तिला दोन नाड्या, कारण ताठरलेल्या हातांवर बाही चढवायची तर कापड मागून मोकळं हवं. खिसा ठेवायचा नाही. टाके लांब लांब घालायचे, कारण तो कपडा पुन्हा कोणी धुणार नसतं. थोरल्या लेकीला हे सगळं पहिलीत असल्यापासून पाठ होतं.

तीन वर्षांपूर्वी धाकटी तापाने चार दिवसांत गेली. सात वर्षांची होती. एवढीशी, गोल, सगळीकडे लुडबुडणारी, म्हणून सगळे तिला गुंडी म्हणत. तिचा शेवटचा कपडा आईनेच शिवला. टाके इतके बारीक घातले, जणू पोरीला तो रोज घालून शाळेत जायचं होतं.

त्यानंतर आई घरात राहायची ती गाडीची वाट बघत फलाटावर बसल्यासारखी. स्वयंपाक करायची, मशीन चालवायची, पण कान दुसरीकडेच. रविवारी चर्चमधल्या उपासनेत बाकीची माणसं स्वर्गाची गाणी घड्याळाकडे बघत म्हणायची. आई मात्र पत्ता पाठ करावा तशी म्हणायची.

आणि आता काखेत गाठ निघाली होती.

डॉक्टर म्हणाले, लवकर कापली तर बाई वाचतील, नाहीतर वर्षभराचा मामला. शुक्रवारपर्यंत सही केलेला कागद आणून द्या, सोमवारी ऑपरेशन. आईने कागदाची घडी केली, मशीनखाली ठेवली आणि कुणाचीतरी कॉलर पुढे ओढली.

मावशी रोज येऊन डोकं फोडत होती. "ताई, सही करायला हात दुखतो का गं तुझा?"

"प्रभू बोलावतोय मला. मी काय कडी लावून बसू?"

"बोलावतोय की तूच उठून दार बडवत सुटलीयेस? काय ठेवलंय तिथे, शिवणयंत्र?"

"माझी पोर आहे तिथे."

"आणि ही कोण? शेजाऱ्यांची?" मावशीने थोरलीकडे बोट केलं.

"ती मोठी आहे," आई म्हणाली आणि दाताने दोरा तोडला.

पाळकही येऊन गेले. डॉक्टरांचे हातसुद्धा देवानेच दिलेत, बाई, असं समजावून गेले. आईने मान डोलावली, त्यांना चहा दिला, आणि कागद होता तिथेच राहिला. वडिलांना विचारायची सोय नव्हती. ते जिवंत होते, धडधाकट होते आणि दुसऱ्याच एका घरात जेवत होते.

गुरुवारी दुपारी आई जरा आडवी झाली. नाड्यांची फीत संपली म्हणून थोरलीने पलंगाखालची पेटी ओढली. तळाशी, जुन्या चादरीत गुंडाळलेले तीन फ्रॉक निघाले. एक निळा, एक पिवळा, आणि तिसरा अजून टाचण्या लावलेला. तिला वाटलं, कुणाच्यातरी मुलींचं काम असेल. मग तिने ते उलटे करून पाहिले. पाठ बंद होती. खिसे होते. खालची दुमड चांगली चार बोटं, म्हणजे मूल वाढलं की उसवून फ्रॉक लांब करता यावा. प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली. आठ. नऊ. दहा.



दहाच्या फ्रॉकसोबत मापांची वही होती, आणि उघडी होती ती थोरलीच्याच पानावर. तिचं दहाव्या वर्षीचं माप घेऊन आई गुंडीचा फ्रॉक बेतत होती. पानावर थोरलीची सगळी वर्षं ओळीने उभी होती, तिसऱ्यापासून तेराव्यापर्यंत. तेराव्यानंतर पान कोरं होतं. थोरली आता सोळा वर्षांची होती. इतके दिवस ती मावशीचे कपडे आत घेऊन वापरत होती, आणि आपल्याला नवा कपडा का मिळाला नाही हा प्रश्न तिला आजवर पडलाही नव्हता.

"आई, ऊठ. हे कुणासाठी?"

आईने पाहिलं. लपवायला गेली नाही. "गुंडी वाढली असेल ना गं. सात वर्षांचा कपडा दहाव्या वर्षी होईल का तिला? माझ्या शवपेटीत ठेवायला सांगणार आहे तुझ्या मावशीला. मी बरोबर घेऊन जाईन."

"तिला देव आहे की तिथे! अख्खाच्या अख्खा देव आहे तिला! तो कपडे नाही देणार? मला कोण आहे इथे?"

"तू हुशार आहेस. तू निभावून नेशील."

"हुशार आहे हा काय माझा गुन्हा झाला?" थोरलीचा आवाज फाटला. तिने गळ्यातली मापाची फीत काढून आईच्या मांडीवर टाकली. "माप घे माझं."

"आत्ता?"

"आत्ता. उभी आहे मी."

आई सावकाश उठली. एका हाताने काख जपत तिने खांदा मोजला, बाही मोजली, कंबर मोजली. उंची घ्यायला तिला टाचा उंचवाव्या लागल्या. तेव्हा ती थांबलीच.

"अगं, माझ्या वर गेलीस की तू. कधी गं?"

"रोज तुझ्यासमोर जेवायला बसते मी, आई."

आईने आकडे वहीत उतरवले. मग वही मिटून पलंगाच्या कडेला बसली. म्हणाली, "आण तो कागद."

सही करून तिने पेन खाली ठेवलं. "केली. पण मला तिथे जायचं नाही, असं माझ्याकडून वदवून घेऊ नकोस. मी खोटं बोलणार नाही."

"नको बोलूस. परत ये, बस."

सोमवारी आईला आत नेलं तेव्हा मावशीने बाकावर डोळे मिटले आणि ओठ हलवायला लागली. "तूही प्रार्थना कर गं, बाळे." थोरलीने हात जोडले. दारापलीकडे झोपेचं औषध चढेपर्यंत आई काय मागत असेल, ते तिला पक्कं ठाऊक होतं. एकाच घरातून, एकाच वेळी, एकाच देवाकडे दोन उलटे अर्ज. एक मंजूर झाला की दुसरा फाडलाच. आपला तो वर ठेव, असं देवाला कुठल्या तोंडाने सांगायचं? तरी तिने सांगितलं. दात आवळून, पुन्हा पुन्हा सांगितलं.

चार तासांनी नर्सने एकट्या थोरलीला आत सोडलं. "गाठ पूर्ण निघाली. शुद्धीवर येतायत. पाणी मागतील, पण द्यायचं नाही, फक्त ओठ ओले करा."

आईच्या पापण्या हलल्या. छतावरच्या पांढऱ्या दिव्याकडे बघून तिचा चेहरा उजळला. तीन वर्षांत थोरलीने तो तसा पाहिला नव्हता. सुई टोचलेला हात उचलून तिने समोरच्या मुलीचा गाल चाचपला.

"गुंडे," ती म्हणाली, "केवढी झालीस गं."

मग नजर ठरली. तिने पडदा पाहिला, सलाइनची बाटली पाहिली, गालावरचा आपला हात पाहिला. चेहऱ्यावरचा उजेड विझत गेला, आणि तो विझताना थोरलीने अगदी जवळून पाहिला.

"तू होय," आई म्हणाली.

"हो. मीच."

थोरलीने कापूस पाण्यात बुडवून पिळला आणि तिचे ओठ ओले केले. आईने तोंड भिंतीकडे वळवलं. थोरली पलंगाला वळसा घालून त्या बाजूला गेली आणि उरलेला ओठ ओला करू लागली.