रश्श्यातला छर्रा

दोन हजार नऊच्या जानेवारीत एका शुक्रवारी श्रीनाथ संध्याकाळी घरी आला, तेव्हा त्याच्या बाहीवर रक्ताचा डाग होता. सुटीच्या दिवशी हा कुठून आणलास, असं नीलिमानं विचारलं, तर म्हणाला, शिकारीला गेलो होतो.

श्रीनाथ पुण्याचा सिव्हिल इंजिनियर, आखातात नोकरीला आलेला. झुरळ दिसलं तरी बायकोला हाक मारणारा. पण त्याच्याकडे उत्तरं तयार होती. त्याच्या अरबाबाला, म्हणजे कंपनीच्या अरब मालकाला, मंदीत करमत नव्हतं. टॉवरचं काम अर्ध्यावर थांबलेलं, तेव्हा थंडीचा हंगाम साधून तो ससाणा घेऊन वाळवंटात जायचा आणि सोबतीला श्रीनाथला न्यायचा. इथे शिकारीला बंदी आहे ना, असं नीलिमानं म्हणून पाहिलं. तर म्हणे अरबाबाची स्वतःची राखीव जागा, रीतसर परवाना, पाळून सोडलेले हुबारा पक्षी. त्यातला एक त्यानं 'हबीबी, हा तुला' म्हणत श्रीनाथला दिला होता. सोललेला, साफ केलेला, पिशवीत घातलेला.

नीलिमा सावंतवाडीकडची. तिच्या लहानपणी मामा रानकोंबडा आणायचे. तो शिजवायला चूल अर्धा दिवस पेटती ठेवावी लागे, आणि तरी खाताना दातांची परीक्षा व्हायची. हा हुबारा मात्र कुकरच्या तीन शिट्ट्यांत हाडापासून सुटला. शिवाय त्याच्या पोटात त्याचं काळीज आणि मान प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत नीट घालून ठेवलेली होती. इतकं शिस्तीचं पाखरू तिनं कुठल्याच रानात पाहिलं नव्हतं. तंबूतला नोकर साफ करताना ठेवतो, असं श्रीनाथनं सांगितलं.

इतकी उत्तरं ज्याच्याकडे असतात त्याच्यामागे बाई असते, असं नीलिमाला वाटू लागलं. नोकरी गेली असेल, अशीही शंका येऊन गेली. त्या हिवाळ्यात ती सगळ्यांच्याच बायकांना येत होती. पण नोकरी गेलेला माणूस तोंड पाडून बसतो. हा दर शुक्रवारी सकाळी आंघोळ करून शीळ घालत जायचा आणि पक्षी घेऊन यायचा. बाई निघाली तर लेकीला, रुचाला, घेऊन पुण्याला परत जायचं, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं. फक्त खात्री व्हायला हवी होती. नुसतं भांडण काढलं असतं तर त्यानं आणखी एक उत्तर दिलं असतं.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी तिनं कांदा-खोबरं भाजून वाटण केलं, रस्सा उकळला आणि श्रीनाथच्या वाटीतल्या मांसाच्या तुकड्यात एक पोलादी गोळी खुपसली. त्याची एखादी दाढ गेली असती. तेवढी तिची तयारी होती.

जेवताना कट्‌ असा आवाज झाला. श्रीनाथनं गोळी तोंडातून काढून दिव्याखाली धरली, आणि त्याचा चेहरा असा उजळला की नीलिमाला क्षणभर त्याची दयाच आली.

"बघ," तो म्हणाला. "तुला पटत नव्हतं ना? छर्रा आहे. अरबाबाचा नेम म्हणजे नेम."

"ससाण्याकडे बंदूक होती?"

श्रीनाथनं पाण्याचा घोट घेतला. "ससाणा आज जरा दमला होता."

रुचानं ताटावरून मान वर करून गोळी पाहिली. "ममा, दॅट्स फ्रॉम माय सायकल," ती म्हणाली. "द ओल्ड बेअरिंग."

नीलिमानं तिला आतल्या खोलीत पाठवलं. "तिचं नाव काय?"

"कुणाचं?"

"तेच विचारतेय मी."

"हमदुल्ला," श्रीनाथ म्हणाला.

हमदुल्ला हा अल क्वोज या गोदामांच्या वस्तीतला पठाण. त्याचं गोठवलेल्या मांसाचं गोदाम होतं. कंपनीनं श्रीनाथला डिसेंबरातच खलास केलं, म्हणजे कामावरून काढलं, आणि हमदुल्लानं त्याला मॅनेजर म्हणून ठेवून घेतलं, व्हिसासुद्धा करून दिला. मॅनेजर म्हणजे शुक्रवारी कंटेनर आला की हमालांच्या बरोबरीनं खोकी उचलायची. फाटक्या खोक्यातलं पाखरू घरी न्यायची मुभा होती. बाहीवरचा डाग वेळेवर धुतला असता तर ही शिकार घडलीच नसती. शीळ कशाबद्दल, तर निदान कुठेतरी कामाला जायचंय याबद्दल.

"तू रुचाला घेऊन पुण्याला जाशील असं वाटलं मला," तो म्हणाला.

नीलिमानं ताटं आवरायला घेतली. दुसऱ्या दिवशी तिनं अल क्वोजला जाऊन हमदुल्लाला प्रत्यक्ष पाहिलं. त्याला छातीपर्यंत दाढी होती. तरीही तिनं पुन्हा एकदा निरखून पाहिलं.

परत आली तर मरीनातल्या त्यांच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये शेजारची मुग्धा भेटली. गेला महिनाभर नीलिमा तिला अरबाबाच्या शिकारीची साग्रसंगीत वर्णनं ऐकवत होती. नवऱ्याचा संशय घेणं वेगळं, आणि शेजारणीला तो कळू देणं वेगळं.

"येत्या शुक्रवारी काय मग, हरिण का?" मुग्धानं विचारलं. विचारण्यात किंचित खवचटपणा होता.

"बघू, अरबाबाची मर्जी," नीलिमा म्हणाली.

घरात आल्यावर तिनं पर्स ठेवली आणि श्रीनाथसमोर उभी राहिली.

"तुझ्या त्या हमदुल्लाकडे हरणासारखं काही मिळतं का रे?"

श्रीनाथनं खूप विचार केला. "ऑस्ट्रेलियाचं मेंढरू आहे."

"चालेल," ती म्हणाली. "पण ऑस्ट्रेलियाचा शिक्का मारलेला भाग तिथेच कापून टाक. मुग्धाला जेवायला बोलावणार आहे मी."