दृष्ट लागू नये म्हणून

सोंक्रानच्या, नव्या वर्षाच्या सणाला घरोघरी माणसं सापडतात, म्हणून आरोग्य केंद्राची बाई नेमकी त्याच दिवशी कागद घेऊन टपकली आणि खामपुन म्हातारीच्या ओट्यावर फतकल मारून बसली. बाळंतपणं किती? सहा. हयात किती? एक. बाईने लिहून घेतलं आणि मग शहाणपण सुरू केलं. म्हणे, देशोदेशी असंच होतं. आधी पोरं मरायची थांबतात, मग बायका पोरं कमी जन्माला घालतात, मग घरात पैसा येतो. मेकाँगपलीकडे लाओसात अजून घरटी दोन-तीन पोरं आहेत, आपण पुढे गेलो. इथे गावची शाळा सात पोरांवर आली होती आणि ही बया त्याला पुढे जाणं म्हणत होती! खामपुनच्या जिवाची आग झाली, पण सणाचा दिवस, म्हणून पाणी पाजून तिला वाटेला लावलं.

म्हातारीला बोलायचं होतं लेकीशी. खियत सणासाठी कोराट शहराहून आली होती. तिथल्या कारखान्यात ती दोनशे माणसांवरची सुपरवायझर. इथलं पक्कं घर, फ्रीज, सगळं तिच्याच जिवावर. नवरा भला. पण पाळणा हलला नव्हता, वय त्रेचाळीस, आणि आता नाही तर कधीच नाही एवढं म्हातारीलाही कळत होतं.

खियत म्हणजे बेडकी. हे नाव आईनेच ठेवलेलं. पहिल्या पोराला तिने कौतुकाने सोन्या म्हटलं होतं, ते तिसऱ्या महिन्यात तापाने गेलं. दुसरी इतकी देखणी की गावभर वाखाणणी झाली, तीही गेली. अशी पाच. तेव्हा रस्ता नव्हता, डॉक्टर नव्हता. गोड शब्द भुतांच्या कानी गेला की ती पोर उचलून नेतात, असं तिने मनाशी पक्कं धरलं आणि सहावीला पहिल्या दिवसापासून कुरूप, काळतोंडी, बेडकी म्हणत वाढवलं. तशा गावातल्या सगळ्याच आया म्हणायच्या, पण पोर रांगायला लागलं की थांबायच्या. हिची जीभ थांबलीच नाही. कशी थांबेल? एकच तर उरली होती.

दुपारी खियतने सणाच्या रीतीप्रमाणे वाडग्यातलं जाईच्या फुलांचं पाणी आईच्या हातांवर ओतलं, वाकली आणि आशीर्वाद मागितला. म्हातारीने धीर करून सांगून टाकलं की एक मूल होऊ दे, कसंही असो.

खियतने वाडगा खाली ठेवला.

"दोनदा दिवस गेले होते, आई. दोन्ही वेळा मीच नको म्हटलं."

"का गं?"

"लोकांना नोकरीचं कारण सांगितलं. खरं म्हणजे भीती वाटली. तू माझ्याकडे बघतेस तशी मी त्याच्याकडे बघायला लागले तर?"

म्हातारी कशीबशी म्हणाली, "अगं, तुला कुणी नेऊ नये म्हणून म्हणत होते मी. तू जगावीस म्हणून."

"जगले की," खियत म्हणाली. "पण हे मला कधी सांगितलं नाहीस."

आता तरी म्हणावं, माझी गुणाची, माझी देखणी लेक. शब्द अगदी ओठांवर आला, आणि भीतीने म्हातारीने तो गिळला. ओला हात तेवढा लेकीच्या केसांवरून फिरवत राहिली. पाच तिने स्वतःच्या हातांनी पुरली होती. या दोघांची तिला खबरही नव्हती.