चिकाचा अंगठा

चाळिशीला आल्यावर बचतगटात जिवली आपल्या नावाची तीन अक्षरं लिहायला शिकली. त्याच वर्षी तलासरीच्या टपरीत बँकेचे पैसे काढून देणाऱ्या बँकमित्र निलमने छोटं मशीन पुढे करून म्हटलं, अंगठा ठेव. जिवलीला रागच आला. एवढं शिकून पुन्हा अंगठाच? पण मशीनखाली लाल उजेड लागला, निलमने पैसे हातावर ठेवले, आणि ती आपल्या बोटाकडे बघतच राहिली.

एकदा मात्र घोलवडच्या वाडीत चिकू तोडून ती तशीच आली, तर मशीनने तिला ओळखलंच नाही. चिकाने बोटाच्या रेषा बुजल्या होत्या. निलमने खोबरेल लावून अंगठा पुसायला लावला, तेव्हा कुठे ओळख पटली.

जिवलीच्या बँकेतल्या खात्यात तिच्या मुलीची, बारकीची, नर्सिंगची फी जमत होती. नवऱ्याला, बाबल्याला, त्याची गंधवार्ता नव्हती. सरकारने बायकांच्या खात्यात पैसे टाकले, असं मात्र त्याच्या कानावर आलं. झालं, जिवलीचं आधार कार्ड घेऊन गडी टपरीत हजर, आणि ऐटीत स्वतःचाच अंगठा ठेवला. नवराबायको काय वेगळी असतात? मशीनच्या मते होती. निदान शिल्लक तरी सांग, म्हणाला. खातेदाराशिवाय कुणाला सांगायची नाही, असा नियम आहे, असं निलमने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वाडी सुटताना तो जिवलीला टपरीत न्यायला फाटकावर उभा दिसला. बाकीच्या बाया नळावर हात धुवायला थांबल्या. ती थांबली नाही.

टपरीत निलमने तिचे काळे, चिकट हात पाहिले. खोबरेलाची बाटली समोरच होती. निलमने ती उचलली, जिवलीकडे पाहिलं, आणि टेबलाखाली ठेवून दिली. मशीनने तीनदा नकार दिला. बाबल्या सरकारच्या नावाने बोटं मोडत निघून गेला.

फीच्या दिवशी जिवली स्वच्छ हातांनी एकटीच आली.

"माझा अंगठा सरकारने कुठं ठेवलाय ग?"

"लांब कुठंतरी, मोठ्या यंत्रात. मी पण नाही पाहिलं, मावशी."

"मग त्याला माझं सगळं दिसतं?"

"दिसतं."

 वीस वर्षं संसार केलेल्या माणसापासून लपवलेलं त्या न पाहिलेल्या यंत्राला ठाऊक होतं, आणि ते बाबल्याला काही बोललं नव्हतं. भ्यावं की हात जोडावे, जिवलीला कळेना.

तिने अंगठा टेकवला. पैसे आले. पावती आली तशी तिने पेन मागितलं. सहीची गरज नसते, निलम म्हणाली.

"असू दे," म्हणत जिवलीने सावकाश तीन अक्षरं लिहिली.