जंगलाची खुरपणी

धारूरच्या डोंगरात आमच्या वनसंवर्धन सहकारी संस्थेचं चाळीस एकर जंगल आहे. मी तिचा सचिव, म्हणजे चेअरमन त्रिंबकराव बोलतील ते ठरावात लिहिणारा. त्रिंबकरावांचा कापूस तालुक्यात नावाजलेला. त्यांच्या रानात तणाची काडी सापडत नाही. हाच माणूस एका उन्हाळ्यात जंगल बघायला गेला आणि संतापला.

"झाडांच्या बुडाला केवढं तण हाय! वाढतील कशी?"

तण म्हणजे करवंद, तरवड, कुसळी गवत आणि त्याखाली कुजणारा पाला. सभेत जंगल खुरपून काढायचा ठराव आला. भराभर हात वर झाले. हात वर करायला डोकं लागत नाही.

पायथ्याला राहणाऱ्या चंद्रभागाबाई तेवढ्या उठल्या. त्यांच्या घरामागच्या झऱ्यावर अख्खी वस्ती पाणी भरायची. मुलगा-सून ऊसतोडीला गेले की म्हातारी त्याच पाण्याच्या भरवशावर दोन शेळ्या घेऊन घरी राहायची.

"चेअरमनसाब, त्या झुडपांमुळंच पाणी मुरतंय. ती काढली तर झरा आटंल."

"काकू, कापूस कुनाचा लई पिकतो? तुमचा का माझा?"

एवढ्या अफाट शास्त्रापुढे म्हातारी काय बोलणार! सगळे हसले. मीही हसलो.

पंधरा दिवसांत जंगल अंगणासारखं लख्ख झालं. पालासुद्धा गोळा करून पेटवला. त्रिंबकरावांनी झाडांमध्ये उभं राहून फोटो काढून घेतला.

त्या साली मृग कोरडा गेला. पुढे एकच पाऊस आला, तोही धो धो. त्याला अडवायला खाली काहीच नव्हतं. माती घेऊन तो थेट झऱ्यात उतरला. आम्ही गाळ उपसला, तर खाली ओलही नव्हती. शिमग्यापर्यंत पुरणारं पाणी दसऱ्यालाच संपलं. वर झाडांची मुळं उघडी पडली होती. ती बघून त्रिंबकराव म्हणाले, "आता कशी मुळांना हवा लागती!"

दिवाळीनंतर ऊसतोडीचा ट्रक आला. चंद्रभागाबाईंनी शेळ्या विकल्या होत्या. मुकादमाने त्यांच्याकडे बघून मुलाला विचारलं, "म्हातारीला कशाला घेतलं रे?"

"घरी प्यायला पानी न्हाई," मुलगा म्हणाला. "मोळ्या बांधंल."

त्यांना ट्रकमध्ये चढता येईना. मी खालून आधार दिला आणि सत्तर वर्षांची बाई माझ्याच हाताने गावाबाहेर काढली. लाज वाटली, पण तोवर ट्रक सुरू झाला होता.